ताईची ओळ

१

हॉस्पिटलात त्याला सगळे डेटाभाऊ म्हणायचे. काम काय, तर तळघरातल्या थंडगार खोलीत स्वेटर घालून बसायचं आणि पेशंटांच्या माहितीची टेबलं सांभाळायची. लाकडाची नव्हेत हो, कॉम्प्युटरमधली. एक पेशंट, एक ओळ. नाव, बेड, औषध, भरती कधी, डिस्चार्ज कधी. आणि अगदी शेवटी एक रकाना, जो रिकामा राहिलेलाच बरा. मृत्यूची वेळ.

सकाळी आल्यावर ठरलेली पूजा. कालचा बॅकअप झाला का बघ, डिस्कवर जागा उरलीय का बघ, कुठलं काम मध्येच आपटलं का बघ. मग फोनची वाट बघ. फोन येतोच. "सिस्टीम स्लो आहे" हे त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की लग्नात कुणी "कसे आहात?" विचारलं तरी तो म्हणायचा, रीस्टार्ट करून बघा.

त्या दिवशीचा फोन रेकॉर्डवाल्या बाईंचा होता.

"डेटाभाऊ, तुमचं मशीन माणसं जिवंतपणी मारायला लागलंय."

"आता काय झालं, बाई?"

"बेड तेवीसचे आजोबा. तुमच्या स्क्रीनवर दहा बावन्नला गेलेत. आत्ता वाजलेत दहा एकतीस. आणि ते आजोबा आत्ता माझ्या खिडकीसमोरून सलाइनचा दांडा ढकलत गेले. मला डोळा मारला मेल्यानं."

तो खो खो हसला. हा रोग त्याला माहीत होता. एखाद्या मशीनचं घड्याळ पुढे पळतं आणि सगळ्या नोंदी भविष्यात जाऊन बसतात. त्यानं सर्व्हरचं घड्याळ पाहिलं. बरोबर. सगळ्या वॉर्डांतली मशीनं तपासली. सगळीकडे दहा तेहतीस.

मग नोंद कुणी केली ते पाहिलं. तो रकाना कोरा होता.

आता हा रकाना कोरा राहूच शकत नाही. त्यानंच तसा बांधला होता. कोरा ठेवून बघा, टेबल अख्खी ओळ तुमच्या तोंडावर फेकतं. तरी तो कोरा होता, पुसून काढलेल्या पाटीसारखा.

कुणीतरी टांग खेचतंय, त्याला वाटलं. वाटणारच. नवीन असताना त्यानं स्वतः मोठ्या साहेबांची खुर्ची भरती करून घेतली होती. वय पंधरा, तक्रार, पाय डगमगतो. दोन दिवस त्या खुर्चीला जेवण गेलं होतं. म्हणजे आज कुणीतरी परतफेड करतंय. करू दे, धरतोच.

दहा बावन्नला छतावरच्या स्पीकरमधून दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांना बोलावणं गेलं. दहा पंचावन्नला बाईंचा पुन्हा फोन आला. आता आवाजात गंमत नव्हती.

"भाऊ, आजोबा गेले हो."

आणि त्यांनी फोन ठेवला.

२

योगायोग. तो हा शब्द तीनदा मोठ्यानं म्हणाला. खोलीत पंख्यांची घरघर सोडून ऐकायला कुणी नव्हतं.

अकरा एकला दुसरी नोंद पडली. बेड नऊ, ट्रकड्रायव्हर, मोडलेला पाय. वेळ अकरा चौदा. त्यानं वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, बेड नऊ कसा आहे?"

"नको विचारू. सगळ्या वॉर्डाला घाणेरडे जोक सांगतोय. का रे?"

"काही नाही. जरा लक्ष ठेवा."

त्यानं ती वेळ पुसली आणि पक्कं केलं. कॉम्प्युटरचं असं असतं, नुसतं बदलून भागत नाही, शेवटी 'पक्कं' म्हणावं लागतं. त्यानं म्हटलं. डोळ्याची पापणी लवली आणि वेळ परत हजर. अकरा चौदा. पुसली, पक्कं. परत हजर. सहा वेळा. रागाचा मागमूस नाही, घाई नाही. आपण भिंतीवर खडूनं लिहावं, कुणीतरी शांतपणे पुसावं, तसं. फक्त इथं पुसणारा तो होता आणि लिहिणारा दुसराच.

त्यानं आपोआप चालणारी सगळी कामं बंद केली. पासवर्ड बदलले. बाहेरून येणारे सगळे रस्ते बंद केले. घराला सगळीकडून कड्या घातल्या आणि मग चोर स्वयंपाकघरात भांडी लावताना ऐकू यावा, तशी वेळ पुन्हा उमटली.

अकरा चौदाला स्पीकर बोलला. पाय मोडलेला माणूस, मोडलेल्या पायानं मरतो का कधी?

अकरा एकवीसला तिसरी ओळ बदलली. नाव त्यानं वाचलंच नाही. नंबर त्याला पाठ होता. चार दिवसांपूर्वी त्यानं स्वतः भरला होता, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन, तिसरा मजला, बेड सहा. उद्या घरी जायचं होतं.

ताई.

वेळ, अकरा चाळीस.

आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा आणि ताई सोळाची. त्याला न्हाऊ घालणारी ती, धोपटणारी ती, परीक्षेच्या दिवशी त्याच्या दप्तरात पेन्सिलीला टोक करून ठेवणारीही ती. त्याला दुसरं कुणी नव्हतं. एवढं सांगितलं की पुरे.

एकोणीस मिनिटं. वर पळून काय करणार होता? डॉक्टरला काय सांगणार होता, टेबलात आलंय म्हणून? आणि पुसून उपयोग नव्हता, ते त्यानं सहा वेळा पाहिलं होतं. पण एक युक्ती होती.

पुसायचं, आणि पक्कं म्हणायचंच नाही.

तोवर ती ओळ आपल्या मुठीत राहते. दुसरं कुणीही त्या ओळीवर लिहायला आलं, की दाराबाहेर उभं. नवशिके हे चुकून करतात, ओळ धरून ठेवतात आणि डबा खायला निघून जातात, आणि इकडे अख्खं हॉस्पिटल लटकतं. या पापासाठी त्यानं कितीजणांना शिव्या घातल्या होत्या. आज त्यानं ते मुद्दाम केलं. ताईची वेळ पुसली, आणि हात कीबोर्डवरून उचलून मांडीखाली दाबून बसला.

वाट बघणाऱ्यांच्या यादीत लगेच एक जण आला. नाव कोरं. मशीन, तिसरा मजला, सिस्टरांचं काउंटर. किती वेळ थांबलाय, चार सेकंद. पाच. सहा.

तो थांबून राहिला.

३

अकरा एक्केचाळीसला त्यानं ताईला मोबाइल लावला. तीन रिंगांत त्याचे केस पिकले असतील.

"काय रे बाळ्या?"

त्याला एकदम हसूच आलं. "कशी आहेस?"

"मस्त. म्हणजे गंमतच झाली. मघाशी छातीत एक कळ आली बघ. वाटलं, संपला खेळ. आणि मध्येच थांबली. शिंक येते येते म्हणावी आणि अडकावी, तसं."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"सांगते की. बाळ्या, ऐक ना. मी मघापासून श्वासच घेतला नाहीये."

"काय?"

"अरे, नाही घेतला तरी चालतंय."

तो कान लावून ऐकू लागला. माणूस फोनवर बोलतं तेव्हा दोन वाक्यांच्या मधे काहीतरी ऐकू येतंच. बारीकसा फुसकारा, उसासा, काहीही. तिकडे वॉर्डातली भांडी वाजत होती, ट्रॉलीचं चाक किरकिरत होतं. ताईच्या वाक्यांच्या मधे काही नव्हतं.

"सिस्टरांच्या काउंटरवर कोण बसलंय गं?"

"कुणी नाही. सगळ्या जेवायला गेल्यात." ताई थांबली. "खुर्ची मात्र सारखी हलतेय. पंख्यानं असेल."

वॉर्डाला पंखे नव्हते. एसी होता. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

४

बारा वाजता फोन सुरू झाले. ते असं झालं, की कोऱ्या नावाच्या त्या माणसामागे दुसरा थांबला, दुसऱ्यामागे तिसरा. औषधांच्या दुकानाची नोंद अडकली, लॅबचे रिपोर्ट अडकले. एक गाडी चौकात बंद पडली की शाळेपर्यंत रांग जाते ना, तसं. यादीत एकतीस जण उभे होते आणि सगळ्यात पुढे डेटाभाऊ, ताईची ओळ मुठीत धरून.

मोठे साहेब स्वतः तळघरात उतरले. टक्कल घामानं चकाकत होतं.

"कुणीतरी ओळ धरून बसलाय! कोण आहे तो नालायक?"

"शोधतोय, साहेब."

"शोधतोय काय? मार त्याला! रोज मारतोस की!"

अडकलेलं कनेक्शन तोडायचं, याला यांच्या धंद्यात मारणंच म्हणतात. डेटाभाऊनं मान हलवली. नालायक त्यांच्यासमोर स्वेटर घालून बसला होता.

"दोन मिनिटं द्या."

"दोनच," म्हणत साहेब जिन्यात फोनवर ओरडायला गेले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ऑपरेशन थिएटरमधल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या ओरडत नव्हत्या, हेच वाईट होतं.

"ऐक. इथं बाळंतीण आहे. रक्त थांबत नाहीये. पिशव्या कपाटात समोर दिसतायत. स्क्रीन हो म्हणाली नाही तर कपाट उघडत नाही."

"फोडा ना कपाट!"

"फोडतोच आहोत. पण लोखंडी आहे. तू तुझं काम कर, राजा. तिला माझ्या हिशेबानं चार मिनिटं आहेत."

त्यानं फोन ठेवला. सोडलं तर ताई. नाही सोडलं तर ती कुठली कोण बाळंतीण, आणि तिच्यामागे अजून तीस जण. असं वाटलं की कुणीतरी यावं, कान पिरगाळून म्हणावं, ऊठ, मी बघतो. कुणी आलं नाही.

मग त्याच्या डोक्यात वीज चमकली. गाढवा, म्हणाला स्वतःला, तो लिहिणार कशावर? ओळीवर. ओळच नसली तर?

त्यानं ताईची अख्खी ओळ उडवली. नाव, बेड, ऑपरेशन, सगळं. आणि पक्कं म्हटलं.

यादी एका झटक्यात रिकामी झाली. एकतीसच्या एकतीस जण धाडधाड आत गेले. कोऱ्या नावाचा पाहुणाही गेला आत, आणि त्याच्यापुढे उत्तर उमटलं, बदललेल्या ओळी, शून्य.

"शून्य!" तो ओरडला. "घे! शून्य!" जिन्यातून साहेबांनी विचारलं, मेला का तो? "मेला, साहेब!" म्हणाला, आणि हसता हसता ढसाढसा रडला. थिएटरमधून फोन आला, रक्त मिळालं.

५

लॅपटॉप काखोटीला मारून तो जिने तीन-तीन पायऱ्यांनी चढला.

तिसऱ्या मजल्यावर सफाईच्या मावशी बेड सहाची चादर बदलत होत्या. ताई बेडवर होती. मावशींनी तिच्या खांद्याखाली हात घातला आणि तिला कुशीवर लोटलं, उशी लोटतात तसं. जुनी चादर ओढली, नवी सरकवली, ताईला परत इकडे लोटलं. ताईचा एक हात बाहेर लोंबकळत राहिला. मावशींनी तो चादरीत नीट खोचला.

"मावशी! अहो पेशंट आहे ना!"

"कुठंय?" मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. वेड्यासारखं नाही, अगदी सरळ, समजूतदार नजरेनं. "सहा नंबर रिकामा आहे, बाबा. स्क्रीनवर बघ की."

आणि बादली उचलून निघून गेल्या.

ताईचे डोळे त्याच्यावर होते. ओठांचा रंग उडाला होता.

"बाळ्या," ती म्हणाली, "ती कळ परत आली रे. आणि आता थांबत नाहीये. पुढेही जात नाहीये."

आवाज होता, पण त्यामागे हवा नव्हती. कोरडा, लाकडावर नख ओढल्यासारखा. त्यानं तिचा हात धरला. हात थंड आणि जड होता. मनगटावर बोटं ठेवली. खूप वेळ ठेवली.

"सिस्टर! हिला इंजेक्शन द्या, दुखतंय हिला!"

"कुणाला?" सिस्टर काउंटरवरून म्हणाल्या. "नंबर सांगा."

नंबर नव्हता. नंबर त्यानंच उडवला होता.

तिथंच फरशीवर मांडी घालून त्यानं लॅपटॉप उघडला आणि ओळ परत भरली. तोच नंबर, तेच नाव, बेड सहा. सिस्टर लगेच उठल्या. "अगंबाई, यांचं इंजेक्शन राहिलंच की!" इंजेक्शन दिलं. ताईच्या दंडावर छोटासा फुगा आला आणि तसाच राहिला. औषध कुठं जाणार? वाहायला काही नव्हतंच. उशाच्या मशीनवर सरळ हिरवी रेघ होती. सिस्टरांनी मशीनवर दोन चापट्या मारल्या. "बिघडलंय वाटतं," म्हणाल्या, आणि दुसऱ्या वॉर्डात गेल्या.

"गेलं का दुखणं?"

"नाही रे."

त्यानं डिस्चार्जची तारीख टाकून पाहिली. 'बरी झाली' लिहून पाहिलं. दुखणं तसंच. मग तो त्या दुसऱ्याची वाट बघू लागला. ये बाबा, लिही काय ते. मघाशी हाकलला, चुकलं, ये. दोन वाजले. तीन वाजले. ताई आता बोलत नव्हती, फक्त त्याचं बोट दाबत होती. जास्त दुखलं की जोरात.

जोडलेल्या मशीनांच्या यादीत तो कोऱ्या नावाचा अजून होता. गेलाच नव्हता. पण काही करत नव्हता. त्याच्यापुढे एकच शब्द होता, झोपलेला. काम नसलेल्या कनेक्शनला असंच म्हणतात, त्यात नवीन काही नाही. फक्त ते कनेक्शन ज्या काउंटरवरून होतं, ते बेडपासून दहा पावलांवर होतं, मधे हिरवा पडदा. आणि पडद्याखालून खुर्चीची चाकं दिसत होती. हळूहळू इकडे, हळूहळू तिकडे. चाकांच्या मधे काय होतं, ते बघायला तो वाकला नाही.

तो झोपलेला नव्हता. आता ही ओळ त्याची नव्हती, एवढंच. जो अडवतो, त्यानंच पुढचं करायचं.

६

"ताई," तो म्हणाला, "मलाच लिहावं लागणार आहे."

तिनं डोळे उघडले. त्यानं सगळं सांगितलं, एका दमात, लहानपणी काच फोडल्यावर सांगायचा तसं. तिला आश्चर्य वाटलं नाही. दुखण्यापुढे आश्चर्याला जागा नव्हती.

"लिही मग."

त्यानं लिहिलं. ती मान वळवून बघायला लागली.

"काय लिहिलंस? वाच."

"आजचीच तारीख," तो म्हणाला. "पन्नास वर्षांनंतरची."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे पन्नास वर्षं हे असं?"

त्यानं स्क्रीन तिच्यापासून जरा वळवली.

"खोड, मूर्खा."

त्यानं खोडलं. "उद्या?"

"बाळ्या."

"संध्याकाळ. सात वाजता. मी तुझ्याजवळ बसतो, ताई, प्लीज."

"अजून चार तास? तुझं बोट मोडीन मी तोवर." ती हसायचा प्रयत्न करत होती. "आत्ता लिही."

"आत्ता नाही! आत्ता नाही लिहिणार मी! अर्धा तास!"

"पाच मिनिटं."

"वीस!"

"भाजी घेतोयस का रे?" तिनं त्याचं बोट दाबलं, जोरात. डोळ्यांच्या कडांतून पाणी यायला हवं होतं, आलं नाही. "सात. सात मिनिटं घे. जास्त नाही सोसवत मला. खरंच नाही रे."

घड्याळात तीन अकरा झाले होते. त्यानं तीन अठरा लिहिलं. दोनदा चुकलं. लहान असताना अक्षर चुकलं की ताई त्याचा हात धरून गिरवून घ्यायची. आता तिनं हात उचलायचा प्रयत्न केला, आणि तो अर्ध्यातच पडला. मग त्यानं तिचं बोट स्वतःच्या बोटाखाली घेतलं, आणि दोघांनी मिळून पक्कं केलं.

पडद्यापलीकडे खुर्ची करकरली.

कुणीतरी उठलं. खूप वेळ बसून राहिल्यावर माणसाची कंबर धरते, तसं जपून. पडद्याच्या फटीतून त्याला पाठ दिसली, अर्धीच, राखाडी, खांदे पडलेली. त्या पाठीनं खुर्ची नीट आत सारली. मग पावलं वाजली, रपरप नाहीत, घाईची नाहीत, कॉरिडॉरमधून लिफ्टकडे. दिवसभराची ड्यूटी संपवून घरी निघालेल्या माणसाची असतात, तशी.

यादीतलं कोरं नाव निघून गेलं.

"थांबलं," ताई म्हणाली. चेहरा सैल झाला होता, आणि तिनं एक श्वास घेतला. खरा, आवाजाचा. मग दुसरा. "हाय रे. किती गोड लागतो."

"दुखत नाही?"

"नाही." ती हसली. "आता बोल काहीतरी. गप्प काय बसलास? एरवी तोंड बंद नसतं तुझं."

तो बोलणार होता. पण मांडीवरच्या लॅपटॉपनं टिंग केलं. त्यानं काही दाबलं नव्हतं, तरी एक ओळ उघडली होती. दुसरा मजला, बेड चौदा. कुणीतरी बाई, वय एकतीस. सगळे रकाने भरलेले, शेवटचा रिकामा. त्या रिकाम्या रकान्यात बारीक काळी रेघ उघडझाप करत होती. आधी हळू. मग जरा लवकर.

"बाळ्या, अजून किती आहेत?"

"पाच मिनिटं."

रेघ उघडझाप करत राहिली. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी ओरडलं, दुखतंय, दुखतंय हो, कुणीतरी या.

ताईनं त्याची हनुवटी धरली आणि तोंड स्वतःकडे वळवलं.

"पाच मिनिटं माझी आहेत," ती म्हणाली. "तिकडे नंतर बघ."